साक्षीदार तुमच्याकडे आहेत, मग आकडा का फेकता?

प्रति,
आयपीसीसी (हवामान बदलाचा आढावा घेणारं संयुक्त राष्ट्रांचं आंतरसरकारी मंडळ), देशोदेशींच्या विज्ञान अकादम्या, हवामानावर संशोधन करणारी विद्यापीठं आणि त्यांना पैसा पुरवणारी मंडळं यांच्या कारभाऱ्यांस,

विषय : ‘या संशोधनात कोणाचा फायदा?’ या प्रश्नाला तुम्ही देत असलेलं उत्तर

स. न. वि. वि.

माणसामुळे पृथ्वी तापतेय याबद्दल शंका घेणाऱ्यांचं म्हणणं तीन वाक्यांत मावतं. शास्त्रज्ञाला अनुदान लागतं. संकट दाखवलं की अनुदान मिळतं. म्हणून संकट दाखवलं जातं. या सरळसोट मांडणीवर तुमच्याकडून वर्षानुवर्षं एकच उत्तर येतं : ९७ टक्के शास्त्रज्ञांचं यावर एकमत आहे.

हे उत्तर ऐकलं की मी चरफडतो, कारण ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरच नाही. समोरचा म्हणतोय की सगळ्यांची बोटं एकाच तुपात आहेत. त्यावर ‘पण सगळे एकच बोलतायत ना’ असं सांगून त्याचा संशय फिटेल की वाढेल? शिवाय तो आकडाही तुम्ही वापरता तितका ठोकळेबाज नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या पाहणीतून तो लोकांच्या तोंडी बसला, तिच्यात ११,९४४ शोधनिबंधांचे सारांश तपासले होते. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश सारांशांनी तापमानवाढीच्या कारणाबद्दल काही भूमिकाच घेतलेली नव्हती. ज्यांनी घेतली, त्यांतल्या ९७ टक्क्यांनी माणूस कारणीभूत असल्याचं मान्य केलं. यात लबाडी काही नाही. प्रत्येक भूगोलाचा निबंध पृथ्वी गोल असल्याचं पुन्हा सांगत बसत नाही, तसंच हे. पण हा तपशील तुम्ही स्वतःहून कधी सांगत नाही, मग कोणीतरी तो शोधून काढतो आणि ‘बघा, लपवलं होतं’ म्हणून फिरवतो. आयतं कोलीत तुम्हीच हातात दिलेलं असतं.

माझा स्वभाव शंकेखोर आहे. औषध कंपनीनं स्वतःच्या गोळीची स्वतःच घेतलेली चाचणी मी डोळे झाकून मानत नाही, मग तुमचं का मानावं? हितसंबंधांचा प्रश्न विचारणं यात विज्ञानाचा द्रोह नाही. १९६९ साली एका अमेरिकी सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात ‘शंका हाच आपला माल आहे’ असं लिहिलं गेलं, आणि त्या टिपणाचा दाखला तुम्हीच तर नेहमी देता. पैशामुळे संशोधन वाकतं हे तंबाखूच्या बाबतीत खरं आणि तुमच्या बाबतीत विचारलं तर मात्र अपमान, हे चालणार नाही.

गंमत अशी की या प्रश्नाला तुमच्याकडे फार चांगलं उत्तर आहे. कोर्टकचेरीत एक जुना व्यवहारी नियम चालतो : जो माणूस स्वतःचं नुकसान होईल अशी गोष्ट कबूल करतो, त्याच्या शब्दाला वजन जास्त. हितसंबंधांचा संशय फेडायचा असेल तर मित्रांची यादी वाढवून उपयोग नाही. ज्यांना उलट निष्कर्ष हवा होता, त्यांना काय सापडलं ते दाखवायला हवं. असे साक्षीदार तुमच्याकडे रांगेनं उभे आहेत आणि तुम्ही त्यांना क्वचितच पुढे करता.

पहिला साक्षीदार एक्सॉन, अमेरिकेची बडी तेल कंपनी. १९७७ साली कंपनीचे शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी वरिष्ठ व्यवस्थापनापुढे कार्बन डायऑक्साइड आणि तापमान यांचं नातं मांडलं. त्यानंतर कंपनीनं स्वतःच्या एका महाकाय तेलवाहू जहाजावर यंत्रं बसवून समुद्रातला आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजला. तेल विकणाऱ्यानं स्वतःच्या खिशातला पैसा घालून, स्वतःच्या पगारी माणसांकडून हे करून घेतलं होतं. इथे कोणाला सरकारी अनुदानाची भूक होती? १९७७ ते २००३ या काळात त्यांच्या शास्त्रज्ञांनी केलेली किंवा नोंदवलेली भाकितं २०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तपासली गेली. दर दशकाला सुमारे ०.२० अंश सेल्सियस वाढ, असं त्यांचं सरासरी अनुमान होतं. मोजण्याच्या पद्धतीनुसार ६३ ते ८३ टक्के भाकितं पुढे घडलेल्या तापमानवाढीशी जुळली. आणि त्याच घराण्याची कंपनी २००० साली वर्तमानपत्रात जाहिरात देत होती, तिचा मथळा होता ‘अनिर्णीत विज्ञान’. बाहेर काय छापलं यापेक्षा आत काय मोजलं होतं ते मला महत्त्वाचं वाटतं. बाहेरच्या बोलण्यात हितसंबंध होता, आतल्या मोजणीत तो असलाच तर उलट दिशेचा होता.

दुसरी साक्ष याहून छोटी, पण मला अधिक बोलकी वाटते. तेल, कोळसा आणि मोटार उद्योगांनी १९८९ मध्ये ‘ग्लोबल क्लायमेट कोअलिशन’ नावाची संघटना काढली, ती २००२ पर्यंत चालली. उत्सर्जनावर बंधनं येऊ नयेत म्हणून किल्ला लढवणं हेच तिचं काम. तिच्याच तांत्रिक सल्लागारांनी १९९५ साली सभासदांसाठी लिहिलेल्या मसुद्यात म्हटलं होतं की हरितगृह परिणामाचा आणि मानवी उत्सर्जनाच्या संभाव्य प्रभावाचा शास्त्रीय पाया पक्का आहे आणि तो नाकारता येत नाही. विरोधी सिद्धांतांची तपासणी करून ते पटण्यासारखे नाहीत असंही त्या मसुद्यात होतं. हा दुसरा भाग अंतिम प्रतीतून वगळला गेला. आपल्याच माणसांनी दिलेला निर्वाळा गैरसोयीचा ठरला, म्हणून तो कात्रीखाली गेला.

तिसरा, रिचर्ड म्युलर. बर्कलीचे हे भौतिकशास्त्रज्ञ तापमानाच्या नोंदींबद्दल जाहीरपणे साशंक होते. शहरांची उष्णता, वाईट जागी ठेवलेले तापमापक, सोयीची केंद्रं निवडण्याची शक्यता हे शंका घेणाऱ्यांचे सगळे आक्षेप त्यांनी गंभीरपणे घेतले आणि नव्यानं, स्वतंत्र पद्धतीनं हिशेब मांडला. त्या प्रकल्पाला पैसे देणाऱ्यांत कोक प्रतिष्ठानही होतं, म्हणजे तेलाच्या व्यवसायातलं घराणं. निकाल काहीही आला तरी मी मान्य करीन, असं एका नामांकित टीकाकारानं आधीच सांगून टाकलं होतं. २०११ मध्ये आकडे आले ते जुन्या नोंदींशी जुळणारे. पुढच्या वर्षी म्युलर यांनी लिहिलं की वाढ खरी आहे आणि तिचं जवळजवळ सगळं कारण माणूस आहे. त्या टीकाकारानं अर्थातच निकाल मान्य केला नाही. असो.

चौथ्या साक्षीत थोडी गुंतागुंत आहे, म्हणूनच ती मला आवडते. अलाबामा विद्यापीठातले रॉय स्पेन्सर आणि जॉन ख्रिस्ती उपग्रहांवरून वातावरणाचं तापमान काढतात. दोघेही संकटाच्या भाषेचे कडवे टीकाकार. १९९० मध्ये त्यांनी पहिली मालिका प्रसिद्ध केली तेव्हा तिच्यात वाढ फारशी दिसत नव्हती, आणि वर्षानुवर्षं ‘उपग्रह काही वेगळंच सांगतायत’ हा मोठा आधार होता. १९९८ मध्ये दुसऱ्या गटानं दाखवलं की उपग्रह हळूहळू खाली घसरत असतात, त्याचा हिशेब धरलेला नाही. २००५ मध्ये आणखी एक चूक सापडली. उपग्रहाची रोजची मोजण्याची वेळ हळूहळू सरकते, त्यासाठीची दुरुस्ती उलट चिन्हानं केलेली होती. दोघांनी चुका मान्य केल्या. आज त्यांच्या स्वतःच्या मालिकेत दर दशकाला सुमारे ०.१५ अंशांची वाढ दिसते. इतरांपेक्षा कमी, पण वाढच. टीकाकारांनीच ठेवलेल्या वहीत ती आहे, हे तुम्ही एखाद्या पत्रकात ठळक छापल्याचं मला तरी आठवत नाही.

पैसा देणारा बदलला तर निष्कर्ष बदलतो का, हेही पाहता येतं. २००१ मध्ये बुश प्रशासनानं उत्सर्जन कमी करण्याच्या क्योटो करारातून अंग काढून घेतलं आणि अमेरिकेच्या विज्ञान अकादमीला विचारलं की आयपीसीसी सांगते ते कितपत खरं. अकरा जणांच्या समितीत रिचर्ड लिंडझेन होते. शंका घेणाऱ्यांच्या गोटातलं बहुधा सर्वांत वजनदार नाव. अहवालानं तापमानवाढ होत असल्याचं आणि तिला मानवी कृती कारण असल्याचं सांगितलं. लिंडझेन यांनी नंतर अहवालाच्या सारांशाबद्दल आणि त्याच्या वापराबद्दल तक्रार केली, तीही नोंदवायला हवी. मग त्याच प्रशासनात काय झालं? पेट्रोलियम उद्योगाच्या संघटनेतून व्हाइट हाउसमध्ये आलेले फिलिप कूनी सरकारी हवामान अहवालांत अनिश्चितता वाढवणारे फेरफार करत होते, हे २००५ मध्ये उघड झालं. त्यांनी राजीनामा दिला आणि लगोलग एक्सॉनमोबिलमध्ये नोकरी धरली. २०१८ मध्ये तर ट्रम्प प्रशासनाच्याच तेरा खात्यांनी मिळून केलेला मोठा अहवाल सणाच्या सुट्टीतल्या शुक्रवारी, म्हणजे कोणाचं लक्ष नसताना, प्रसिद्ध करण्यात आला. त्यात माणूसच कारणीभूत असल्याचं स्पष्ट लिहिलेलं होतं आणि राष्ट्राध्यक्षांनी ‘माझा विश्वास नाही’ म्हणून तो झटकला. धनी बदलले, धन्याची इच्छा उलटी झाली, पण मोजमाप तिथंच राहिलं.

पैशासाठी संकट रचलं म्हणणाऱ्यांना आणखी एक विचारायला हवं. हे रचलं कधी? १८५६ मध्ये युनिस फूट यांनी काचेच्या नळ्यांत वायू भरून उन्हात ठेवले, तेव्हा कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली. १८९६ मध्ये स्वांटे अऱ्हेनियस यांनी हातानं हिशेब करून सांगितलं की हा वायू दुप्पट झाला तर तापमान पाच-सहा अंशांनी वाढेल, आणि त्यांना स्वतःला ती वाढ सुखाचीच वाटत होती. १९३८ मधले गाय कॅलेंडर तर माझे विशेष आवडते. वाफेच्या यंत्रांवर काम करणारा हा अभियंता, हवामानशास्त्रात हौशी. जगभरच्या १४७ केंद्रांच्या नोंदी गोळा करून यानं लंडनच्या तज्ज्ञांसमोर मांडलं की पृथ्वी तापतेय आणि कारण आपण जाळलेलं इंधन आहे. तज्ज्ञांनी सभ्यपणे माना हलवल्या आणि विश्वास ठेवला नाही. यालाही ही वाढ लाभाचीच वाटत होती. प्रस्थापितांविरुद्ध एकटा उभा राहिलेला हौशी माणूस ही प्रतिमा शंका घेणाऱ्यांना फार प्रिय आहे. या विषयात असा माणूस खरोखरच होता, फक्त तो तापमानवाढ होतेय असं म्हणणाऱ्या बाजूला होता.

पुढचं भौतिक सगळ्यांना माहीत आहे, मी लांबण लावत नाही. एकच खूण सांगतो, कारण ती आधी वर्तवलेली आणि मग सापडलेली आहे. १९६७ मध्ये स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांच्या गणितात असं निघालं की कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालची हवा तापेल आणि वातावरणाचा वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होईल. सूर्य प्रखर झाला असता तर दोन्ही तापायला हवे होते. नंतरच्या मोजमापांत खाली उष्मा आणि वर गारवा, हेच दिसलं. वरच्या गारव्यात ओझोनच्या घटीचाही वाटा आहे, पण कार्बन डायऑक्साइड वगळून त्याचा मेळ बसत नाही. अनुदानासाठी आकडे फिरवणाऱ्यानं वरच्या थराचं तापमान उलट्या दिशेनं फिरवायची युक्ती, तीही अर्धशतक आधी, योजली असेल असं मानायचं असेल तर मानावं बापडं.

‘जुन्या नोंदी दुरुस्त करून वाढ फुगवली’ हा आरोपही असाच. जमिनीवरच्या काही देशांच्या नोंदींत दुरुस्तीनं वाढ मोठी दिसते हे खरं आहे. पण पूर्वी समुद्राचं पाणी बादलीनं वर ओढून मोजत, ते वर येईपर्यंत गार होई. ती त्रुटी काढली की जुनं समुद्री तापमान वर सरकतं आणि शतकभराची एकूण वाढ कमी होते. सगळ्या जगाचा ताळेबंद घेतला तर दुरुस्त्यांनी दीर्घकालीन तापमानवाढ किंचित कमीच केली आहे. अशी हातचलाखी कोण करेल? ही गोष्ट तुमच्या संकेतस्थळावर कितव्या पानावर आहे ते एकदा शोधून पाहा.

आणि ‘विरोधी कल्पनांना पैसाच मिळत नाही’ याचं काय? हेन्रिक स्वेन्समार्क यांनी १९९७ पासून मांडलेली कल्पना अशी की वैश्विक किरणांमुळे ढग बनतात आणि तापमान त्यांच्यामुळे बदलतं. ही कल्पना तपासायला युरोपच्या सर्नमध्ये ‘क्लाउड’ नावाचा खास प्रयोग उभा राहिला, सार्वजनिक पैशातून, जगातल्या सर्वांत नावाजलेल्या प्रयोगशाळेत. २०१६ पर्यंतच्या निष्कर्षांनुसार किरणांमधला फरक आजच्या हवामानावर लक्षात येण्याजोगा परिणाम करण्याइतका मोठा नाही. कल्पना पडली, पण तिला मैदान मिळालं होतं.

इथपर्यंत तुम्हाला हे पत्र गोड वाटलं असेल. आता पुढचं.

हितसंबंध तुमच्यावर काम करतात. तापमापकापाशी नाही, तर त्याच्यापासून जितकं लांब जावं तितके जास्त. कुठलं भविष्य रंगवायचं, पत्रकात कुठला आकडा वर घ्यायचा, कोणाची चूक लगेच दुरुस्त करायची आणि कोणाची आपलीच म्हणून सोडून द्यायची, या जागी ते बसलेले असतात.

हिमालयाचं प्रकरण घ्या. आयपीसीसीच्या २००७ च्या चौथ्या अहवालात लिहिलं गेलं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत, कदाचित त्याआधीही, नाहीशा होण्याची शक्यता खूप जास्त आहे. याला आधार होता एका पर्यावरण संघटनेचा अहवाल, त्याला आधार एका विज्ञान साप्ताहिकातली मुलाखत. एका जुन्या रशियन अंदाजात साल २३५० असं होतं, तेही जगभरच्या ध्रुवाबाहेरच्या हिमनद्यांबद्दल. छपाईपूर्वीच्या छाननीत याला संदर्भ मागितला गेला होता. तरीही वाक्य राहिलं. चूक होते, हजार पानांच्या ग्रंथात होणारच. पण नोव्हेंबर २००९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातून निवृत्त झालेले हिमनदीतज्ज्ञ व्ही. के. रैना यांचा शोधपत्रवजा अहवाल भारत सरकारच्या पर्यावरण मंत्रालयानं प्रसिद्ध केला, आणि त्यात असा सार्वत्रिक वेगवान ऱ्हास दिसत नसल्याचं म्हटलं, तेव्हा आयपीसीसीच्या तत्कालीन अध्यक्षांनी त्याची ‘जादूटोण्याचं विज्ञान’ अशी संभावना केली. दोनच महिन्यांत, जानेवारी २०१० मध्ये, आयपीसीसीला खेद व्यक्त करावा लागला. हिमनद्या आक्रसतायत हे खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यानं विचारलं त्याला आधी हिणवलं आणि मग तो ज्या मुद्द्यावर बोट ठेवत होता तोच मागे घेतला, हे लोक विसरत नाहीत. मीही विसरलेलो नाही.

त्याच हिवाळ्यात ब्रिटनच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठातल्या हवामान संशोधकांचे ईमेल फुटले. त्यातून कट निघाला नाही. चौकशा झाल्या, शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणावर आणि काटेकोरपणावर ठपका आला नाही. पण म्युर रसेल यांच्या चौकशीनं एक गोष्ट स्पष्ट लिहिली : योग्य तो खुलेपणा दाखवण्यात सातत्यानं कमतरता होती. तिथल्या प्रमुखांनी आकडे मागणाऱ्या एकाला २००५ मध्ये कळवलं होतं की तुमचा हेतूच चूक शोधण्याचा असेल, तर मी माहिती का द्यावी? मी हे वाक्य वाचलं तेव्हा कपाळावर हात मारला. दुसऱ्यानं चूक शोधावी म्हणून तर आकडे द्यायचे असतात! स्पेन्सर आणि ख्रिस्ती यांच्या चुका मित्रांनी शोधल्या होत्या का?

मग ते ‘आरसीपी ८.५’. शतकाच्या अखेरीस कोळशाचा वापर कित्येक पटींनी वाढलेलं एक टोकाचं भविष्य. हवामानाचं संगणकी प्रारूप ताणून पाहायला ते उपयोगी आहे, कारण मोठ्या बदलात खूण स्पष्ट दिसते. पण शेकडो निबंधांत आणि त्याहून जास्त पत्रकांत ते ‘आहे तसंच चालू राहिलं तर’ या नावानं वावरलं. २०२० मध्ये झीक हाउसफादर आणि ग्लेन पीटर्स यांनी ‘नेचर’मध्ये लिहिलं की हे थांबवा, ते संभाव्य भविष्य म्हणून मांडणं दिशाभूल करणारं आहे. हे दोघे काही शंका घेणाऱ्यांच्या कळपातले नव्हेत. २०२१ च्या आयपीसीसी अहवालानंही इतक्या मोठ्या उत्सर्जनाची शक्यता आता कमी मानली जाते असं नोंदवलं. ते टोकाचं भविष्य इतकी वर्षं का टिकलं? मोठा आकडा म्हणजे मोठा मथळा, मोठा मथळा म्हणजे जास्त उल्लेख, जास्त उल्लेख म्हणजे पुढची बढती. कोणी कोणाला फोन करून सांगायची गरज नसते. शंका घेणारे म्हणतात तो कट नाही हा, पण प्रलोभन मात्र नक्की आहे.

२०२३ मध्ये हवामानशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्राउन यांनी आपला वणव्यांवरचा निबंध ‘नेचर’मध्ये छापून आल्यावर आठवडाभरातच जाहीर केलं की हवामानाखेरीजची कारणं मी मुद्दाम बाजूला ठेवली, कारण नामांकित नियतकालिकांना तशीच मांडणी रुचते. संपादकांनी उलट दाखवलं की परीक्षकांनी त्या कारणांबद्दल विचारलं होतं आणि ती न घेण्याचा युक्तिवाद लेखकांचाच होता. म्हणजे त्यांच्याच उदाहरणातून त्यांचा आरोप पुरता सिद्ध होत नाही. पण आरोपातला प्रश्न खोटा ठरत नाही. तुमच्यापैकी किती संस्थांनी त्यानंतर बसून तपासलं की आपल्याकडे मंद, कंटाळवाणा, ‘फारसा फरक आढळला नाही’ असा निकाल छापायला किती वेळ लागतो?

प्रलोभन उलट्या दिशेनंही ओढतं, हे मात्र तुमच्या टीकाकारांना ठाऊक नसतं. आयपीसीसीचा धोरणकर्त्यांसाठीचा सारांश सरकारांचे प्रतिनिधी ओळ न् ओळ वाचून मंजूर करतात. त्या खोलीत तेल विकणारी सरकारंही बसलेली असतात. १९९५ मध्ये माद्रिदला माणसाच्या प्रभावाला कुठलं विशेषण लावायचं यावर घासाघीस झाली आणि शेवटी ‘ओळखता येण्याजोगा’ यावर तडजोड झाली. २००७ मध्ये समुद्रपातळीचा अंदाज १८ ते ५९ सेंटिमीटर दिला, त्यात हिमस्तरांचा वेगानं समुद्रात सरकण्याचा भाग धरलेलाच नव्हता, कारण तो नीट मोजता येत नव्हता. घबराट पसरवून पोट भरणाऱ्यांचं हे लक्षण नव्हे. लेखकांना या कामाचं मानधनही मिळत नाही.

हवामानाच्या नावावर बाजारात जे चालतं त्याबद्दलही तुम्ही गप्प असता. क्योटो कराराखाली शीतकाच्या कारखान्यांना एचएफसी-२३ हा तापमान वाढवणारा उपवायू जाळल्याबद्दल कार्बन श्रेय, म्हणजे बाजारात विकता येणारं उत्सर्जन-घटीचं प्रमाणपत्र, मिळू लागलं. जाळायला खर्च किरकोळ, श्रेयाचा भाव भरमसाट. मग जाळण्यासाठीच तो वायू जास्त निर्माण होतोय की काय, असा प्रश्न उभा राहिला, आणि युरोपीय संघानं २०१३ पासून ती श्रेयं नाकारली. यात भौतिकशास्त्राचा काही दोष नाही. पण लोक विज्ञान आणि त्याच्या नावावर उघडलेलं दुकान यांत फरक करत नाहीत, आणि दुकानदार ‘आपल्या बाजूचा’ असला की तुम्हीही तो फरक करून दाखवत नाही.

शंका विकणाऱ्यांचे हिशेब फार वाईट आहेत, हे मला माहीत आहे. तापमानवाढीच्या मानवी कारणावर शंका घेणारे संशोधक विली सून यांना इंधन उद्योगाशी जोडलेल्या स्रोतांकडून बारा लाख डॉलरहून अधिक मिळाले आणि बऱ्याच निबंधांत त्याचा उल्लेख नव्हता, हे २०१५ मध्ये बाहेर आलं. जगात २०२२ साली जीवाश्म इंधनांवरची थेट सरकारी अनुदानं, नाणेनिधीच्या हिशेबानं, १.३ लाख कोटी डॉलर होती. त्या ढिगासमोर संशोधनाची अनुदानं कुठल्या कोपऱ्यात दिसतील ते सांगायला नको. पण त्या मंडळींना मी वेगळं पत्र लिहीन. त्यांच्याकडून मला खुलेपणाची अपेक्षाच नाही, तुमच्याकडून आहे.

चांगलं वागल्याची उदाहरणंही तुमच्यातच आहेत. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागानं पाच शंकेखोर अभ्यासकांकडून अहवाल करून घेतला, ख्रिस्ती आणि स्पेन्सर त्यांत होते. त्यावर ८५ हून अधिक शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन चारशेहून जास्त पानांचं, मुद्द्याला मुद्दा असं उत्तर लिहिलं. ‘एकमत आहे’ म्हणून दार आपटलं नाही. २०२१ च्या आयपीसीसी अहवालाच्या पहिल्या खंडावर ७८,००७ शेरे आले, आणि प्रत्येक शेरा, त्यावर लेखकांनी दिलेल्या उत्तरासह, कोणालाही वाचायला ठेवलेला आहे. इतकी उघडी छाननी मला दुसऱ्या कुठल्या विषयात माहीत नाही. किती पत्रकारांना ती ठाऊक आहे?

तर मागणं एवढंच. पत्रकात शतकअखेरचा आकडा देताना तो कुठल्या उत्सर्जन-मार्गावरचा आहे आणि तो मार्ग आज किती संभाव्य मानला जातो, हे त्याच परिच्छेदात लिहा. तळटीपेत नको. तुमची जी भाकितं चुकली, कमी असोत की जास्त, त्यांची यादी तुम्हीच ठेवा, दुसऱ्यांनी ती तुमच्यावर भिरकावण्याआधी. टीकाकारानं आकडे मागितले तर त्याचा हेतू विचारू नका. शाळेत, सभेत, दूरचित्रवाणीवर एकमताची टक्केवारी सांगण्याऐवजी एक्सॉनची मोजणी, म्युलर यांचा हिशेब आणि अलाबामाची वही दाखवा.

राहता राहिला एक मुद्दा. हिमालयाच्या चुकीनंतर विज्ञान अकादम्यांच्या मंडळानं २०१० मध्ये आयपीसीसीची तपासणी केली आणि तिच्या शिफारशीवरून २०११ मध्ये हितसंबंधांबाबतचं धोरण आलं. प्रत्येक लेखक आपल्या नोकरीची, सल्लागारीची, गुंतवणुकीची माहिती अर्जात भरून देतो. पण ते अर्ज आमच्यासारख्या वाचकांसाठी प्रसिद्ध होत नाहीत. ज्या प्रश्नावर सगळा संशय उभा आहे, त्याचं उत्तर कागदावर लिहून घ्यायचं आणि कपाटात ठेवायचं, हे कोणाच्या हिताचं? कर नाही त्याला डर कशाला? सातव्या अहवालाचं काम सध्या सुरू आहे. त्याच्या लेखकांचे अर्ज त्याच्याबरोबर छापा. निधी-मंडळांनीही कोणाला किती दिलं आणि कोणाचा अर्ज कुठल्या कारणानं नाकारला, हे नावं झाकून का होईना, त्याच दिवशी जाहीर करावं.

कळावे,
आपला,
एक शंकेखोर वाचक